मगनवाडीतील एक संवाद व त्याचा उत्तरार्ध

सन १९३५ च्या डिसेंबर महिन्यातील पहिल्या आठवड्यात अमेरिकेतील एक विदुषी वर्ध्यास येऊन उतरल्या. त्यांचे नाव मार्गारेट सँगर. महात्मा गांधींचा मुक्काम त्या वेळी मगनवाडीत होता. सेगावी, म्हणजे ज्या खेड्यास १९४० पासून आपण सेवाग्राम म्हणतो तेथे, ते १९३६ च्या एप्रिलअखेर राहावयास गेले. सँगरबाई अखिल भारतीय महिला परिषदेच्या निमंत्रणावरून या देशात आल्या होत्या. संततिनियमनाचा प्रसार हे त्यांच्या आयुष्याचे व्रत होते. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत परिचारिकेचे काम करीत असता एका गाडीवानाची बायको नको असलेला गर्भ स्वतःच्या हाताने पाडावयास गेली आणि त्यातच मेली. तो मृत्यू पाहून आपण हे कार्य हाती घेतले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. १९१६ साली ब्रुकलिन येथे त्यांनी दवाखाना काढला, तेव्हा सरकारने तो बंद करून बाईंना तीस दिवसांच्या कैदेत टाकले. अशी ही स्त्री, ज्याने कैद हेच आपले घर मानले होते अशा पुरुषाच्या भेटीस वर्ध्यास आली.

या संवादाचा वृत्तान्त महादेवभाई देसाई यांनी १९३६ च्या जानेवारीत ‘हरिजन’ पत्रात दिला. बाईंनीही तो आपल्या बाजूने लिहून प्रसिद्ध केला. दोन्ही वृत्तान्त आज वाचले म्हणजे प्रथम लक्षात येते ते हे की, या दोघांत ज्या गोष्टीविषयी मतभेद होता तीपेक्षा ज्या गोष्टीविषयी एकमत होते ती अधिक मोलाची आहे. स्त्रीवर तिच्या इच्छेविरुद्ध मातृत्व लादले जाऊ नये, हे उभयतांस मान्य होते. प्रश्न उपायाचा होता. गांधींचे म्हणणे असे की, स्त्रीने पतीस ‘नाही’ म्हणावयास शिकले पाहिजे. आपल्या देशातील स्त्रियांस हा नकाराचा हक्क कोणी शिकविलाच नाही, आणि तो शिकविणे हे आपले काम आहे. तीन-चार अपत्ये झाल्यावर दंपतीने वेगळे निजावे. कृत्रिम साधनांनी मात्र पुरुषाची वासना मोकाट सुटेल व स्त्रीचे दास्य अधिकच वाढेल. बाईंचे उत्तर असे की, नकार देऊ शकेल इतके बळ ज्या स्त्रीच्या अंगी नाही, जिचा नकार ऐकणारा पुरुष घरात नाही, तिने काय करावे? तिच्या हाती साधन दिल्यावाचून तिला उपदेश करणे म्हणजे बुडत्यास पोहण्याच्या शास्त्रावर व्याख्यान देणे होय. महिन्यातील गर्भधारणेचा संभव नसलेले दिवस पाळण्याचा मार्ग आपणांस इतर साधनांइतका खटकत नाही, एवढीच सवलत गांधींनी दिली. याहून अधिक काही न पदरी पडता सँगरबाई वर्ध्याहून निघाल्या.

हा संवाद निष्फळ झाला असे चरित्रकार सामान्यतः लिहितात. आमचे मत निराळे आहे. मगनवाडीत त्या दिवशी एका सत्याची दोन अर्धुके समोरासमोर ठेविली गेली, एवढेच की ती जोडणारे कोणी तेथे नव्हते. गांधींच्या हाती नकाराचा हक्क होता, सँगरबाईंच्या हाती साधन होते. साधनावाचून नकार दुबळा आणि नकारावाचून साधन धोक्याचे. पुढील नव्वद वर्षांत गर्भासंबंधी जे जे कायदे झाले, ज्या ज्या तपासण्या निघाल्या, त्यांचा इतिहास पाहता प्रत्येक वेळी स्त्रीच्या हाती यांपैकी एक अर्धुक देऊन दुसरे काढून घेतले गेले आहे. हा इतिहास वर्ध्याभोवती पुन्हा पुन्हा घुटमळतो. म्हणून तो वर्ध्यापासून सांगणे आम्हांस उचित वाटते.

वर्ध्याची ही भेट होण्यापूर्वीच महाराष्ट्रात हा विषय पेटलेला होता. प्रो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना काढला तेही हेच वर्ष. या कार्यापायी कर्व्यांस प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैपासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले आणि अश्लीलतेच्या आरोपावरून न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. त्याच आंबेडकरांच्या पक्षाच्या वतीने १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. रोहम यांनी तो मांडला, आणि तो फेटाळला गेला. गरीब घरातील बाळंतपणांचा भार जिच्या देहावर पडतो तिच्या बाजूने विधिमंडळात असे भाषण त्यापूर्वी क्वचितच झाले असेल.

परंतु इतिहास लिहावयाचा तर त्याची काळी बाजूही लिहिली पाहिजे. संततिनियमनाच्या त्या चळवळीत एक दुसरा विचार साखरेत वाळू मिसळावी तसा मिसळला होता. तो म्हणजे सुप्रजननाचा. ‘नको असेल तर मूल नको’ या वाक्याशेजारीच ‘अमक्यांना मुले नकोत’ हे वाक्य येऊन बसले. पहिल्यात स्त्री बोलते, दुसऱ्यात समाज बोलतो. आणि तरीही दोन्ही वाक्ये एकाच तोंडी ऐकू येत. स्वतः सँगरबाईंच्या ग्रंथांत हा विचार आहे. आपले कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ साली इंग्रजीत हिंदुस्थानातील सुप्रजननाच्या चळवळीचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले, त्यास प्रस्तावना सँगरबाईंचीच होती. हे सर्व लोक सद्हेतूचे होते, याविषयी आम्हांस शंका नाही. पण त्याच १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘हीन’ ठरविलेल्या स्त्रीचे सक्तीने वंध्यीकरण करणे वैध ठरविले, आणि १९३३ साली जर्मनीने आनुवंशिक रोग्यांच्या वंध्यीकरणाचा कायदा केला. त्या वाटेचा शेवट कोठे झाला हे वाचकांस सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर या कथेचे सूत्र पुन्हा वर्ध्याकडे वळते. १८६० च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरविला होता. स्त्रीचा जीव वाचविण्याखेरीज त्यास अपवाद नव्हता. त्यामुळे गर्भपात थांबले नाहीत, ते केवळ काळोखात गेले, आणि काळोखात स्त्रिया मेल्या. १९६४ साली केंद्र सरकारने या प्रश्नाचा विचार करण्यास समिती नेमली. तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा, आणि ती नेमली गेली तेव्हा केंद्राच्या आरोग्यमंत्री होत्या डॉ. सुशीला नायर. या सुशीलाबाई म्हणजे गांधींच्या आश्रमातील डॉक्टर. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या आणि १९६९ साली तेथे निघालेल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या संस्थापिका त्याच होत. ज्या गावच्या माणसाने कृत्रिम साधने नाकारली, त्याच गावच्या मुलीच्या मंत्रिपदाच्या काळात गर्भपाताच्या कायद्याची पहिली पायरी बांधली गेली, हा काळाचा महिमा म्हणावा.

समितीचा अहवाल १९६६ साली आला, १९७१ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. तो उदार होता यात संशय नाही. युरोपातील कित्येक देशांच्या आधी तो आला. बारा आठवड्यांपर्यंत एका व वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येऊ लागला. आईच्या जिवास वा शारीरिक अगर मानसिक आरोग्यास धोका असेल, किंवा मूल गंभीर व्यंग घेऊन जन्मण्याची भरीव शक्यता असेल, ही कारणे मान्य झाली. पण कायद्याच्या वाक्यांचा कर्ता पाहावा. तो डॉक्टर आहे. स्त्रीची संमती हवी, परंतु स्त्रीची इच्छा हे कारण नव्हे. साधन दिले, पण ते दुसऱ्याच्या कपाटात ठेवून किल्ली त्याच्या कमरेस बांधली. सज्ञान स्त्रीस पतीच्या संमतीची गरज कायद्याने कधीच ठेविली नाही. तरीही पतीची सही मागणारी रुग्णालये पुष्कळ आढळतात.

त्यानंतरच्या वीस वर्षांत महाराष्ट्राने दोन गोष्टी प्रथम केल्या, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. आणीबाणीत, १९७६ साली, ठरावीक अपत्यांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचे विधेयक आपल्या विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे तो कायदा झाला नाही, हे आपले भाग्य. आणि १९८८ साली गर्भाचे लिंग पाहण्यास बंदी घालणारा देशातील पहिला कायदाही आपल्याच राज्याने केला. या दुसऱ्या कायद्याची गरज का पडली ते सांगितले पाहिजे. गर्भजल काढून त्यातील पेशींवरून गर्भातील दोष ओळखण्याची तपासणी १९७५ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत सुरू झाली. तिचा हेतू रोग शोधण्याचा होता. पण त्या पेशी गर्भाचे लिंगही सांगतात, आणि थोड्याच वर्षांत मुंबईच्या खाजगी दवाखान्यांतून ही सुई मुलगी हुडकण्यासाठी चालू लागली. आज थोडके रुपये खर्चून उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती झळकल्या. मुंबईतील स्त्रीसंघटनांनी व काही डॉक्टरांनी मोहीम उभारली, तेव्हा १९८८ चा कायदा झाला. १९९४ साली तसाच केंद्रीय कायदा झाला. सोनोग्राफीच्या यंत्रांनी तो जुमानला नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली त्या ९१३ झाल्या आणि २०११ साली ८९४ उरल्या.

या मुलींच्या बाबतीत कोणते अर्धुक हरवले होते? साधन तर मुबलक होते. नव्हता तो नकार. सासूला, नवऱ्याला, गावाला ‘ही तपासणी मी करविणार नाही’ असे म्हणण्याची सोय सुनेला नव्हती. गांधींचे भय खोटे नव्हते, एवढे येथे कबूल केले पाहिजे: ज्या घरात स्त्रीला नकार नाही त्या घरात साधन हे तिच्याच जातीवर उलटते.

आता विदर्भाच्या रक्ताकडे येऊ. १९१० साली शिकागोत डॉ. हेरिक यांना एका रुग्णाच्या रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या दिसल्या. भारतात असे रक्त प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळले. १९५८ साली शुक्ल व सोळंकी या नागपूरकडील संशोधकांनी मध्य भारतातील आपली निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या पत्रात प्रसिद्ध केली. तेव्हापासून हे उमगले की नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती या मुलखात गोंड, परधान आदी आदिवासींत आणि पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या आहे. सेवाग्रामच्या रुग्णालयात या रोगाची मुले कैक वर्षे येत आहेत. सांधे सुजतात, हाडे ठणकतात, रक्त उतरते, साधा ताप जिवावर बेततो. एका सूक्ष्म दुव्यात, हिमोग्लोबिनच्या साखळीतील सहाव्या जागी, एक घटक बदललेला असतो. सारे दुखणे तेवढ्यातून निघते. आई व बाप या दोघांकडून हा दोष आला तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ते केवळ वाहक राहते आणि सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. दोन वाहकांच्या प्रत्येक गर्भात रुग्णाची शक्यता चारांत एक असते. या दोषाची एक मात्रा हिवतापापासून रक्षण करते, असे ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविले; म्हणजे ज्यास आपण कलंक म्हणतो तो अरण्यात राहणाऱ्या पूर्वजांस निसर्गाने दिलेली ढालच होती.

या रोगाचा आणि गर्भपरीक्षेचा संबंध विलक्षण आहे. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी हा रेणूचा रोग आहे असे सिद्ध केले. रेणूच्या पातळीवर उलगडलेला हा पहिलाच रोग. आणि १९७८ साली कान व डोझी यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे डी.एन.ए. तपासून गर्भातील याच रोगाचे निदान केले. साऱ्या जगातील आजच्या जनुकीय गर्भपरीक्षेच्या आरंभकाळाशी अशा रीतीने वर्ध्याच्या शेतमजुराच्या घरी वावरणाऱ्या दुखण्याचा संबंध आहे.

त्याच इतिहासात एक सावधगिरीची सूचनाही आहे. पॉलिंग हे दोनदा नोबेल मिळविणारे, शांततेसाठी झटणारे गृहस्थ. परंतु १९६८ साली त्यांनी असे लिहिले की, वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. कपाळावर कोणी गोंदले नाही. पण १९७० नंतर अमेरिकेतील कित्येक संस्थानांनी कृष्णवर्णीयांच्या रक्ततपासणीचे सक्तीचे कायदे केले. वाहक व रुग्ण यांतील भेद पुष्कळांस, अधिकाऱ्यांस देखील, कळत नव्हता. निरोगी वाहकांस विमा नाकारला गेला, नोकऱ्या नाकारल्या गेल्या. विमानदलाच्या प्रशिक्षण संस्थेचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. जो समाज आधीच हीन लेखला जात होता त्याच्या हीनतेस विज्ञानाचा शिक्का मिळाला. विदर्भात हा रोग ज्यांच्या घरी आहे त्यांची सामाजिक पायरी कोणती होती हे आठवले, म्हणजे अमेरिकेची ही कथा परकी वाटत नाही. आपल्याकडेही ‘अमक्या जातीचा रोग’ हे शब्द किती सहज तोंडी येतात! लग्न जुळविताना रक्ताचे कार्ड पाहावे हा सल्ला हिताचा आहे. पण ते कार्ड मुलीचे आधी मागितले जाते आणि दोष निघाल्यास ती एकटीच घरी बसते, हेही तितकेच शक्य आहे.

आता कल्पना करा की कारंजा अथवा समुद्रपूर तालुक्यातील एक शेतमजूर स्त्री गरोदर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे रक्त तपासले. ती वाहक निघाली. मग नवऱ्यास बोलवावयाचे. तो कापसाच्या हंगामात रोज बुडवून यावयास हवा. तोही वाहक निघाला, तर कोवळ्या वारेचा कण घेऊन गर्भाची परीक्षा करता येते. पण ती दहाव्या ते बाराव्या आठवड्यात व्हावी, आणि ती थोड्याच मोठ्या शहरांतून होते. हे आठवडे उलटले तर पुढे गर्भजलाची तपासणी आहे, तिचा निकाल येईतो पोट दिसू लागते. आणि निकाल तरी काय सांगतो? मूल रुग्ण आहे एवढेच. त्याचे दुखणे किती तीव्र असेल हे तो सांगत नाही. भारतात आढळणारा हा रोग बहुधा आफ्रिकेतील रोगापेक्षा सौम्य चालतो, तरी विदर्भात तीव्र रुग्णही पुष्कळ आहेत. वेळीच निदान, पेनिसिलिन, लसी व हायड्रॉक्सीयुरिया यांनी आज अशी मुले मोठी होतात, शिकतात, संसार करतात. ज्या आईने पहिले मूल वेदनांनी तळमळताना पाहिले आहे तिला दुसऱ्या खेपेस काय वाटेल, आणि जिच्या दिराला हाच रोग असून तो शेत कसतो आहे तिला काय वाटेल, हे आपण कोण ठरविणार?

१९९४ च्या कायद्याने गर्भात काय पाहावे व काय पाहू नये याची रेषा आखली आहे. लिंग पाहू नये. गुणसूत्रांचे विकार, रक्तातील हिमोग्लोबिनचे दोष, जन्मजात व्यंगे यांसाठी परीक्षा करावी. ही रेषा आम्हांस योग्य वाटते. मुलगी असणे हे दुखणे नव्हे; सिकलसेल हे दुखणे आहे. परंतु रेषेच्या दुसऱ्या बाजूस सारेच निर्धोक आहे असा अर्थ कोणी घेऊ नये. ज्या घरात मुलगी नको म्हणून सुनेचा नकार दाबला गेला, त्याच घरात दोषी मूल नको म्हणूनही तो दाबला जाईल. आणि येथे केवळ घर नाही, सरकारही आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. २०४७ पर्यंत रोग नाहीसा करावा आणि सात कोटी लोकांचे रक्त तपासावे असा तिचा संकल्प आहे. हेतू स्तुत्य आहे. आदिवासींच्या दुखण्याकडे राज्यकर्त्यांचे लक्ष वळावयास इतकी वर्षे लागली, हीच खेदाची गोष्ट. तरी ‘निर्मूलन’ या शब्दापाशी आम्ही थबकतो. देवीचा रोग निर्मूल झाला तो जंतू मारून, रोगी वाचवून. या रोगाचा जंतू नाही. तो माणसांच्या वंशात आहे. त्याचे मूळ उपटावयाचे म्हणजे नेमके काय उपटावयाचे, हा प्रश्न प्रत्येक आरोग्यसेविकेने तपासणीची पाटी भरण्यापूर्वी स्वतःस विचारला पाहिजे. मोहीम आकड्यांनी मोजली जाते. आणि आकडा पुरा करण्याच्या घाईत सल्ल्याचा आग्रह होतो, आग्रहाची सक्ती होते. १९७६ साल आपण पाहिले आहे.

यावर कोणी सायप्रसचे उदाहरण देईल. त्या बेटावर थॅलसीमिया या अशाच रक्तरोगाची मुले पुष्कळ जन्मत. विवाहापूर्वीची तपासणी व गर्भपरीक्षा यांमुळे अशी जन्मे जवळजवळ थांबली. उदाहरण खरे आहे. पण तेथे जन्मलेल्या रुग्णांस रक्त व औषध देण्याची सोय शासनाने आधी पत्करली होती. उपचाराची हमी जेथे आहे तेथेच परीक्षा ही निवड होते. जेथे नाही तेथे ती निवाडा होते. ज्या तालुक्यात रुग्ण मुलास रात्री वेदनांचा झटका आल्यावर औषध मिळत नाही, तेथे त्याच्या आईस ‘तुझी निवड काय?’ असे विचारणे ही थट्टा आहे.

येथवर आम्ही नकाराच्या बाजूने लिहिले. त्यावरून आम्ही गर्भपातास प्रतिकूल आहो असा समज कोणी करून घेऊ नये. दुसरे अर्धुक हरवले म्हणजे काय होते, याचेही दुःखद उदाहरण वर्धा जिल्ह्यातच घडले. १९७१ च्या कायद्यास पन्नास वर्षे झाली, २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत काही स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविली. आणि लागलीच २०२२ च्या जानेवारीत आर्वी येथे एका खाजगी रुग्णालयाच्या आवारातील गोबरगॅसच्या खड्ड्यात अर्भकांच्या कवट्या व हाडे पोलिसांस सापडली. तपासाचे मूळ एका तेरा वर्षांच्या मुलीच्या गर्भपातात होते. त्यातील दोषादोष हा न्यायालयाचा विषय. आम्ही त्यात शिरत नाही. परंतु अशा कोवळ्या मुलीस सरकारी रुग्णालयात उजळ माथ्याने जाऊन कायदेशीर मदत मागता येत नसेल, तर कायदा कोणासाठी आहे? २०१२ साली बीड जिल्ह्यातील परळीचे प्रकरण गाजल्यावर लिंगनिदानाविरुद्ध मोहीम झाली, तिच्या धाकाने राज्यातील पुष्कळ औषधविक्रेत्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच सोडून दिले. ‘भ्रूणहत्या’ हा एकच शब्द सर्वत्र वापरल्याने कायदेशीर गर्भपात व लिंगनिवड यांतील भेद पुसला गेला आणि गरजू स्त्री पुन्हा काळोखाकडे वळली. न्यूयॉर्कच्या त्या गाडीवानाच्या बायकोचे नशीब तेच होते.

विलंबाचीही किंमत असते. २००८ साली मुंबईतील एका दांपत्याने, गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आहे असे विसाव्या आठवड्यानंतर कळल्यामुळे, उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, डॉ. निखिल दातार त्यांच्यासोबत होते. परवानगी नाकारली गेली. गंभीर व्यंगाच्या बाबतीत वैद्यकीय मंडळाच्या संमतीने मुदतीची अट उठविणारी दुरुस्ती व्हावयास त्यानंतर तेरा वर्षे लागली. आणि तेव्हाही शेवटचा शब्द मंडळाचाच राहिला.

मग करावे काय? आमचे म्हणणे थोडके आहे. विदर्भात तपासणी व्हावी, पण तिचा आरंभ गरोदरपणात न होता शाळा-महाविद्यालयात, मुलामुलींचा एकत्र व्हावा, म्हणजे दोष केवळ सुनेच्या माथी येणार नाही. वाहक म्हणजे रोगी नव्हे हे गावागावांत गोंडी-वऱ्हाडी बोलीत सांगितले जावे. गर्भपरीक्षेची सोय नागपूर-सेवाग्राम येथे वेळेत व विनामूल्य मिळावी, आणि ती नाकारणाऱ्या स्त्रीस, तसेच निकालानंतर मूल ठेवणाऱ्या स्त्रीस, उपचारांत तसूभरही उणे पडू नये. सिकलसेलला २०१६ च्या कायद्याने अपंगत्वांत स्थान दिले आहे. त्याचे लाभ रुग्णांच्या दारी पोहोचावेत. आणि जी स्त्री गर्भ ठेवू इच्छीत नाही तिला आर्वीचा खड्डा नव्हे, सरकारी रुग्णालयाचे स्वच्छ दार दिसावे.

मगनवाडीत आज मगन संग्रहालय आहे. १९३८ साली गांधींनीच त्याचे उद्घाटन केले. ग्रामोद्योगांच्या वस्तू पाहावयास जे वाचक तेथे जातील त्यांनी या आवाराशी जडलेला तो संवादही क्षणभर आठवावा. एक म्हातारा सांगत होता की स्त्रीला ‘नाही’ म्हणावयास शिकवा. एक बाई सांगत होती की तिला नुसते शिकवू नका, तिच्या हाती काही द्या. त्या वेळी सेगावच्या गोंडाच्या मुलीस कोणी विचारले नव्हते. आज तिच्या नातीचे रक्त तपासले जात आहे; तिला विचारण्याची वेळ मात्र अद्याप गेलेली नाही.